सुट्टी, सहल आणि महाडचा रस्ता

डिसेंबर लागला की आमच्या घरात एक वाद ठरलेला. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव आणि मधोमध २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन. वहिनी म्हणते, "नाताळची सुट्टी आहे, जोडून शनिवार-रविवार आलाय, पोरांना एकदा तरी समुद्र दाखवा. तुमची चळवळ आमच्या सगळ्या सुट्ट्या खाते." तिकडे वस्तीतले कार्यकर्ते म्हणतात, "दहन दिनाला कोकणात पिकनिक? काही वाटतं का?" आम्ही दोन्हीकडून बोलणी खातो.

वहिनीचं म्हणणं बरोबर आहे असं आम्हाला वाटू लागलंय. कार्यकर्त्यांचा राग खरा आहे, पण त्यामागचा इतिहास अर्धाच आहे.

मुळात सहल म्हणजे चैन आणि चैन म्हणजे चळवळीशी बेइमानी, हे समीकरण आलं कुठून? समाजशास्त्र शिकताना आम्हाला फावल्या वेळावर एक अख्खं प्रकरण होतं. त्यात वर्ग होता, शहर होतं, कारखाना होता. जात कुठेच नव्हती. या देशात सुट्टीत गावाला जाणंसुद्धा सगळ्यांना सारखं खुलं नव्हतं, हे आम्हाला बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधून कळलं.

त्यातली पहिली आठवण कसली आहे? उन्हाळ्याच्या सुट्टीची! साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीला होते, त्यांनी मुलांना सुट्टीसाठी बोलावलं. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, थोरले भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे, नव्या टोप्या घालून साताऱ्याहून निघाले. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशन मास्तरनं विचारलं, कोण तुम्ही? महार, हे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि तो चालत येणार या अटीवर. रात्र झाली. सोबत डबा भरपूर होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून पोरं उपाशी झोपली. ही आपल्या इतिहासातली एक कौटुंबिक सहल.

त्यातलीच आणखी एक आठवण १९३४ ची. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनीच बाबासाहेबांना म्हटलं, आपण फिरायला जाऊ, तुम्हीही चला. ते तयार झाले, आणि वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असं ठरलं. तीसेक माणसं निघाली. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेर प्रवासाची धूळ झाली म्हणून त्यांनी छोट्या हौदावर हातपाय धुतले. ढेडांनी हौद बाटवला असा ओरडा करत लोक धावून आले. तिथले लोक मुसलमान होते. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

म्हणजे चळवळ ऐन भरात असताना बाबासाहेब कार्यकर्त्यांबरोबर सहलीला गेले होते. त्यांना कोणी काही वाटतं का असं विचारलं नाही. हौदावरचा अपमान मात्र वाट्याला आला.

आता महाडकडे येऊ. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, मग परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेनं तळं खुलं करण्याचा आपलाच ठराव मागे घेतला. हे आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. डिसेंबरची परिषद मात्र आपण एका रात्रीपुरतीच लक्षात ठेवतो. त्या परिषदेला जागा द्यायला सवर्ण हिंदू तयार नव्हते, ती फत्तेखान यांनी दिली. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं साथीदारांसह दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सगळे पायी महाडला आले. २५ तारखेच्या रात्री सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानंतर मनुस्मृती जाळली गेली. दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम असल्यामुळे तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला, आणि तो दावा शेवटी हायकोर्टात १९३७ च्या मार्चमध्ये आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं!

परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. राहणी बदला, लुगडं नेसण्याची रीत बदला, जातीची खूण ठरलेले जड दागिने टाका. आजी सांगायची की तिच्या आईनं वाक्या काढून ठेवल्या त्या पुन्हा घातल्या नाहीत.

आणि परिषद आटोपल्यावर? बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन महाडजवळची बौद्ध लेणी बघायला गेले. तिथल्या दगडी आसनांवर बसू नका, भिक्खू इथे राहिले आहेत, असं त्यांनी सोबत्यांना सांगितलं. धर्मांतराला अजून एकोणतीस वर्षं होती, हे ध्यानात घ्या. पुढे ते रायगडही बघून आले. ज्या दौऱ्यात मनुस्मृती जाळली त्याच दौऱ्यात लेणी आणि गडही होता.

म्हणून आम्ही यंदा असं ठरवलंय. मुंबई-गोवा रस्त्यानं पहाटे निघायचं. दासगावला थांबून सावित्रीचं पात्र बघायचं, बोट कुठून आली असेल ते पोरांना दाखवायचं. महाडच्या अलीकडे गांधारपाले लेणी रस्त्यावरूनच दिसतात, तिथे चढायचं. दुपारी चवदार तळं, संध्याकाळी क्रांतिस्तंभ, अभिवादन, भाषणं. पोरं भाषणाला कंटाळली तर कंटाळू देत, आम्हीही लहानपणी कंटाळायचो. दुसऱ्या दिवशी वहिनीचा हरिहरेश्वरचा समुद्र. त्या दिवशी फोनवर एकही मीटिंग घ्यायची नाही, अशी तिची अट आहे आणि आम्ही ती मान्य केली आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला चालत नाही. पाच मिनिटं गाडी थांबवायची, पुतळ्यापुढे सेल्फी काढायचा, 'जयभीम' लिहून टाकायचा आणि सुसाट पुढे. त्यापेक्षा सरळ समुद्रावर जा, महाडला नंतर निवांत या. २०२७ मध्ये दोन्ही परिषदांना शंभर वर्षं होतील. तेव्हा गर्दी एवढी असेल की पोरांना काही दाखवता येणार नाही, म्हणूनही हे त्याआधी करून घेतोय.

पुतण्यानं काल विचारलं, "काका, तिथलं पाणी प्यायचं का?" वहिनीनं पाण्याच्या चार बाटल्या आधीच काढून ठेवल्यात. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून त्याला मसूर स्टेशनची गोष्ट सांगायची, एवढं आम्ही ठरवलंय.