खडीचा डबा

दिवाळी जवळ आली की आमच्या अंगणात किल्ला उभा राहतो. दगड, विटा, गोणपाट आणि लाल माती यांच्या ह्या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो, पायथ्याची गाय हत्तीएवढी असते आणि अळिवाचे रान ह्या सर्वांच्या डोक्यावरून जाते. प्रमाण म्हणून काही पाळावयाचे असते, हे आमच्या किल्ल्याला कधी कोणी सांगितलेले नाही. मी शाळेत हस्तकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. पुठ्ठा, कातर आणि खळ ह्यांच्यावर आजवर पोट चालले आहे, आणि उरल्या वेळात मी कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने आगगाडीच्या डब्यांवर का लिहावे, असे वाचकांनी विचारले, तर त्याचे उत्तर त्या किल्ल्याच्या पायथ्याशी आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात बर्मिंगहॅमला नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एक चपटे खोके धाडले. आत प्लॅस्टिकच्या चौकटीला लागलेले बारीक बारीक सुटे भाग होते. ते जोडले म्हणजे विलायतेतील कोळशाचा एक डबा तयार व्हावयाचा. सोबत चिठ्ठी होती : ‘‘गुरुजी, ह्याचा खडीचा डबा करा.’’ पुढे दोन पाने माहिती होती. ती वाचता वाचता मी ह्या नादाच्या इतिहासात ओढला गेलो.

इंग्रज माणसाला लहान रेल्वे करण्याचा छंद जुना. लंडनमध्ये ह्या छंदाचा क्लब १९१० साली निघाला. तिकडच्या सर्वांत रूढ प्रमाणात खऱ्या गाडीच्या एका फुटाला चार मिलिमीटर धरतात. आता विलायती रुळांतील अंतर चार फूट साडेआठ इंच. त्या हिशेबाने छोटे रूळ १८.८३ मिलिमीटरवर असावयास हवेत. पण बहुतेकांचे असतात साडेसोळांवर! कारण असे की विलायती इंजिने युरोपातील इंजिनांहून अंगाने बारीक. युरोपच्या प्रमाणात ती केली तर त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. तेव्हा इंजिन थोडे मोठे केले आणि रूळ होते तेच ठेवले. म्हणजे बुरुजाहून उंच मावळा तिकडेही आहे तर! ह्या सव्वादोन-अडीच मिलिमीटरांची टोचणी काही जणांना मात्र इतकी लागली, की १९६० च्या दशकात त्यांनी १८.८३ चे काटेकोर माप ठरवून रूळ आणि चाके नव्याने घडविली.

ह्या मंडळींत एक निराळी जात आहे. त्यांना झोकदार इंजिनांचे प्रेम नाही. ते ‘इंजिनिअरांचे डबे’ करतात. खडी, रूळ, स्लीपर आणि उकरून काढलेली माती वाहणारे हे डबे. त्यांना भाडे मिळत नाही, वेळापत्रकात त्यांचे नाव नसते. रात्री किंवा रविवारी, गाड्या विरळ असताना, ते कामावर निघतात. आणि खडीवाचून तर रेल्वे नाही. गाडीचे ओझे खडीतून जमिनीत पसरते, पावसाचे पाणी खडीतून निथळते, स्लीपर खडीमुळे जाग्यावर राहतात. ती चेचली जाते, तिच्यात माती शिरते. पुन्हा साफ करा, पुन्हा नवी घाला.

१९४८ साली ब्रिटनमधील रेल्वे सरकारी झाल्या. ह्या सरकारी रेल्वेत इंजिनिअरांच्या डब्यांना जलचरांची नावे असत. डब्याचे लांबलचक वर्णन तारेत एका शब्दात सांगावयाची रीत जुन्या कंपन्यांतच पडली होती. ग्रेट वेस्टर्न कंपनी गार्डाच्या डब्याला ‘टोड’ आणि बंद मालडब्याला ‘मिंक’ म्हणे. त्याच रीतीने ‘डॉगफिश’ हा पोटातून खडी सोडणारा चोवीस टनी डबा. त्याच्या एका टोकाच्या ओट्यावर तीन हातचाके असतात. ती फिरवाल तशी खडी रुळांच्या मधोमध किंवा दोहों बाजूंना पडते. ‘शार्क’ हा गार्डाचा डबा, पण त्याच्या पोटाखाली नांगर आहे. पडलेली खडी तो सारखी करीत जातो. ‘सामन’ रूळ वाहतो. शिवाय ‘कॅटफिश’ आहे, ‘मॅकरेल’ आहे. ही यादी आमच्या रत्नागिरीकडच्या भाषेत वाचली, तर मुशी, शिंगाळा आणि बांगडा अशी गाडी स्टेशनात शिरेल आणि गावची सारी मांजरे फलाटावर जमतील!

पण मला लळा लागला तो ह्या डब्यांच्या दुसऱ्या जन्माचा. इंजिनिअरांच्या वाट्याला नेहमीच नवे डबे येत नसत. मालवाहतुकीत नकोसे झालेले कितीतरी डबे त्यांच्याकडे यावयाचे, आणि नव्या चाकरीची खूण म्हणून नंबराच्या आधी ‘डी’ हे अक्षर लागावयाचे. लोखंडी तुळया वाहणाऱ्या लांब डब्यांना १९८० च्या दशकात बाजूच्या भिंती लावून त्यांचे ‘टर्बट’ केले. सोळा टनी कोळशाचा पत्र्याचा डबा तर तिकडे दोन लाखांवर बांधला गेला होता. कोळशाचे दिवस ओसरले तेव्हा त्यांतले काही खडी-मातीच्या कामाला आले. पण खडी कोळशाच्या जवळजवळ दुप्पट जड. डबा काठोकाठ भरला तर तो भार आसांना झेपावयाचा नाही. मग काय केले? डब्याच्या भिंतींत चौकोनी भोके पाडली. भोकापर्यंत भरा, त्यावर भराल तर बाहेर सांडेल. वाचता न येणाऱ्यालाही कळेल, अशी ही सूचना.

मला तेच करावयाचे होते. काचेच्या तुकड्यावर काटकोन्या धरून चारी भिंती जोडल्या. प्लॅस्टिक विरघळवणारे द्रावण कुंचल्याच्या टोकाने सांध्यात सोडले. दोन आसांतील अंतर खऱ्या डब्यात नऊ फूट, इथे छत्तीस मिलिमीटर. एक चाक अधांतरी राहिले तर डबा रुळावरून घसरतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा तपासले. तळाला शिसे चिकटवून वजन वाढविले. मग धारदार पात्याने भिंतींत भोके कोरली, गंजाचा रंग दिला, आणि चहाच्या गाळणीतून चाळलेली खडी आत ओतली. ती भोकांतून सांडू लागली. भरलेला डबा दिसावयास बरा, म्हणून मी भोकांना आतून कागद चिकटविला आणि डबा काठोकाठ भरला.

इथे माझ्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे. कोकण रेल्वे आमच्या जमिनीतून गेली. २६ जानेवारी १९९८ रोजी सारा मार्ग खुला झाला, आणि बाबा त्यावर ट्रॅकमन झाले. पावसाळ्यात रात्री-अपरात्री हातात दिवा घेऊन, दरडींकडे पाहत ते रुळांवरून चालत. त्या वयात कोणी विचारले तर मी ‘‘वडील रेल्वेत आहेत,’’ एवढेच म्हणे. ऐकणारा स्टेशनमास्तर समजे. मी समजू देई. आता ते घरीच असतात, आणि फारसे बोलत नाहीत.

गेल्या दिवाळीत मी तो डबा किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवला. बाबांनी चष्मा लावला, डबा हातात घेतला आणि फिरवून पाहिला. भोकांविषयी मी त्यांना काही सांगितले नव्हते.

‘‘हा कागद कशाला?’’ त्यांनी विचारले.

‘‘खडी सांडते, बाबा.’’

‘‘सांडायलाच पाहिजे. जास्त झालीय.’’

त्यांनी काडेपेटीतील काडीने कागद फाडला. खडी घरंगळली आणि भोकाच्या काठाशी येऊन थांबली. मग डबा रुळावर ठेवून त्यांनी सांडलेली खडी रुळांच्या दोन्ही बाजूंना बोटाने सारखी केली. पोरांनी विचारावयाचाच अवकाश. ते अंगणात बसले आणि पावसाळ्यातल्या एका रात्रीची गोष्ट सांगू लागले. ती मीही प्रथमच ऐकत होतो.

संध्याकाळी शाळेतील एक सहकारी किल्ला पाहण्यास आले. ‘‘खडी अगदी खऱ्यासारखी पसरलीय. कोणी केलं?’’ त्यांनी विचारले.

‘‘माझ्या वडिलांनी,’’ मी म्हणालो. ‘‘ते ट्रॅकमन होते.’’