एका जर्मन इंजिनिअरच्या लाकडी चौकटी

आज एक विचित्र अडचण बघूया. खाणीत चांदी इतकी सापडली, की ती काढताच येईना.

गोष्ट 1860 सालची. अमेरिकेतल्या नेवाडात, व्हर्जिनिया सिटी या नवख्या गावात ऑफिर नावाची खाण होती. वर्षभरापूर्वीच तिथे कॉमस्टॉकची चांदी-सोन्याची शीर सापडलेली. अशी शीर एरवी काही फूट रुंद असते. दोन बाजूंना खांब, वर आडवं लाकूड, की झालं काम. पण ऑफिरमध्ये खाली जाल तशी ती रुंदावत गेली, 40 फूट, मग त्याहून जास्त. शिवाय खनिज भुसभुशीत. एवढं लांब लाकूड आणायचं कुठून? आणलं तरी ते भार झेपून टिकणार का? छत कोसळायचं, आणि खाली माणसं.

मग मालकांनी कॅलिफोर्नियातून फिलिप डाइडेसहाइमरला बोलावलं. 1832 साली डार्मस्टाटमध्ये जन्मलेला, फ्रायबर्गच्या प्रसिद्ध खाण अकादमीत शिकलेला, म्हणजे वय जेमतेम 28. पठ्ठ्याने लांब लाकडाचा नादच सोडला. पाच-सहा फुटांचे आखूड, जाड ओंडके घेतले, टोकांना खाचा पाडून एकमेकांत बसवले आणि घनाकार चौकट केली. एक चौकट मावेल एवढंच खनिज काढायचं, चौकट बसवायची, मग तिच्या शेजारी, वर, खाली पुढची. पोकळी कितीही मोठी होऊ दे, सांगाडा तिच्यासोबत वाढतो. हवं तिथे चौकटीत टाकाऊ दगड भरले की भक्कम खांब तयार! मधमाश्यांच्या पोळ्यावरून सुचलं म्हणतात. पोळं षटकोनी असतं, पण असू दे.

याचं पेटंट त्याने घेतलं नाही. शेजारच्या खाणींनी पद्धत लगेच उचलली.

आता दुसरी बाजू. चौकटींसाठी सिएरा नेवाडाच्या डोंगरांवरची जंगलं उघडी पडली. आणि जमिनीखाली एवढं लाकूड रचलं म्हणजे सरपणच की! एप्रिल 1869 मध्ये यलो जॅकेट खाणीत आग लागली. धूर आणि विषारी वायूने किमान 35 कामगार गेले. छत पडू नये म्हणून लावलेलंच लाकूड जळत होतं.

डाइडेसहाइमरचं पुढे काय झालं? 1873 मध्ये कॉमस्टॉकमध्ये मोठा साठा सापडला, 'बिग बोनान्झा'. त्याची किंमत त्याने 150 कोटी डॉलर सांगितली. लोकांनी विश्वास ठेवला, कारण सांगणारा तो होता. स्वतःही त्याने शेअरमध्ये पैसे ओतले. प्रत्यक्षात निघालं सुमारे 10 कोटींचं. भाव कोसळले, तो दिवाळखोर झाला. दगडाचा भार अचूक जोखणारा माणूस दगडातल्या चांदीच्या अंदाजात फसला, हे मला फार लागतं.

तरी गडी खाणीत परत उतरलाच. 1916 मध्ये तो वारला. 1959 साली 'बोनान्झा' या टीव्ही मालिकेने त्याच्यावर अख्खा एपिसोड केला. त्यात गोष्ट आहे ती चौकटींची.