रुळांची वाट कोण ठरवितो?

आगगाडीचा नवा मार्ग निवडणे हे काम कागदावर फार सोपे दिसते. नकाशा पुढे घ्यावा, दोन शहरे हेरावी, पट्टी ठेवावी आणि रेघ ओढावी. हल्ली तर संगणकावर आगगाडी हाकण्याचे खेळ निघाले आहेत. पुढचा नवा मार्ग कोणता घ्यावा, यावर त्यातील हौशी मंडळी तावातावाने वाद घालतात. कोणी अमेरिकेतील डोंगरदऱ्या सुचवितो, कोणी समुद्रकाठ. तो वाद निर्मळ असतो, कारण त्या निवडीत कोणाचे शेत जात नाही आणि कोणाची पाळी चुकत नाही. आमच्या पेण-रोह्याच्या मुलुखात मात्र दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. म्हणून या मुलुखातील रुळांची वाट कोणी, कोणासाठी व केव्हा ठरविली, याचा इतिहास आज आपणांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. लोहमार्गाची निवड एकदा होत नाही, तीनदा होते. पहिली निवड हेतूची: मार्ग मालासाठी की माणसासाठी? दुसरी निवड जमिनीची: रूळ कोणाच्या शेतातून न्यावयाचे? आणि तिसरी निवड वेळापत्रकाची: गाडी कोठे थांबणार, किती वाजता थांबणार? पहिल्या दोन निवडींचा गाजावाजा होतो, भूमिपूजने होतात, मोर्चे निघतात. तिसरी मुकाट्याने एका कचेरीत होते. पण उतारूच्या दृष्टीने खरी निवड तीच. जी गाडी आपल्या गावी थांबत नाही, तिचा मार्ग आपल्या गावातून गेला काय आणि न गेला काय, सारखेच.

आता इतिहासाकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे शाळेतील पोरही सांगेल. पण ती गाडी पुढे कोणत्या दिशेने वळली आणि का वळली, हे विचारणारे थोडे. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस हवा होता. भांडवल घालणाऱ्या विलायती भागीदारांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती आणि त्या हमीचा बोजा या देशाच्या तिजोरीवर होता. तेव्हा रूळ घाटाकडे वळले. १८५६ मध्ये ते आजच्या रायगड जिल्ह्यातील खोपोलीपर्यंत पोचले, १८६३ मध्ये बोरघाट चढले. घाटातील बोगदे खोदताना हजारो मजूर पटकीने, तापाने व अपघाताने मेले. त्यांच्या कष्टावर उभा राहिलेला मार्ग पेणपासून फार दूर नव्हता, पण पेण त्याच्या हिशोबात नव्हते. येथे कापूस नव्हता. येथे भात होता, मीठ होते, आणि दोन्ही वाहून न्यावयास खाडी होती. पेणचा माल अंतोऱ्याच्या बंदरातून पडावात चढे, रोह्याचा कुंडलिकेतून समुद्राला मिळे. समुद्र फुकट असताना रूळ कशाला, हा गोऱ्या हिशोबनिसांचा तर्क मालापुरता चुकीचा नव्हता. माणसापुरता मात्र तो साफ खोटा होता.

तो खोटा होता हे त्यांच्याच पैशाने सिद्ध झाले. या देशातील गरीब माणूस आगगाडीत बसणार नाही, असे भाकीत मोठमोठ्या शहाण्यांनी केले होते. प्रत्यक्षात डबे भरले ते तिसऱ्या वर्गाचे, आणि उतारूंच्या भाड्याचा मोठा वाटा त्या बिनगादीच्या बाकांवर बसणाऱ्यांनीच भरला. तरीही मार्ग निवडताना त्या उतारूचे मत कोणी घेतले नाही. याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. माथेरानच्या हवा खाणाऱ्या मंडळींसाठी नेरळहून डोंगरावर चढणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. रोह्याच्या माणसाला गाडी मिळाली १९८६ साली. मध्ये एकोणऐंशी वर्षे गेली. माथेरानची गाडी नको होती असे आम्ही म्हणत नाही. हवा खाण्याची सोय पोट भरण्याच्या सोयीआधी एकोणऐंशी वर्षे झाली, एवढेच आपण ध्यानात ठेवावे.

तोपर्यंत आमचा चाकरमानी काय करीत होता? तो आगबोटीने जात-येत होता. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत कोकणचा माणूस भरला होता. त्याची रेवस-धरमतरची वाट समुद्रावरून होती, आणि पावसाळ्यात समुद्र कोणाचा नसतो. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य एका महिन्यावर आले असता आमच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत सुतक होते. वादळाला दोष देऊन मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. पण माणसांना भर पावसाळ्यात त्या बोटीवर चढावे लागले, कारण जमिनीवरून जाण्याची धड सोय नव्हती. लोहमार्ग न देणे हीसुद्धा एक निवडच असते, आणि तिची किंमत कोणीतरी भरतोच.

स्वातंत्र्यानंतर कोकणाला रेल्वे हवी ही हाक मोठी झाली. अ. ब. वालावलकर यांनी त्या एका ध्यासापायी आयुष्य वेचले. बॅरिस्टर नाथ पै यांनी १९५७ पासून १९७१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत लोकसभेत हा प्रश्न जागता ठेवला. त्यांच्या मागून राजापूर मतदारसंघातून आलेले प्रा. मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री झाले. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली. ही दोन कामे एकाच माणसाच्या हातून व्हावी, याचे आम्हां कामगार चळवळीतील लोकांना नवल वाटत नाही. गाडी चालविणारा व गाडीत बसणारा यांचे हित एक आहे, हे ज्याला कळते त्यालाच अशी कामे सुचतात.

रूळ मात्र टप्प्याटप्प्याने पुढे सरकले. साठीच्या दशकात दिव्याहून पनवेल व पुढे आपटा येथवर ते आले. तेथे ते बराच काळ थबकले. मग १९८६ मध्ये पेण, नागोठणे करीत रोह्यास पोचले. हा टप्पा त्याच वेळी का पुरा झाला? कोकणच्या लोकांची हाक तर तीस वर्षांची जुनी होती. नवे काय घडले होते? समुद्रातील बॉम्बे हायचा वायू किनाऱ्यावर आला होता. अलिबागजवळ थळ येथे खताचा प्रचंड कारखाना उभा राहिला होता. नागोठण्यास पेट्रोरसायनांचा प्रकल्प आकार घेत होता. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत होतीच. म्हणजे १८५३ ला कापूस होता, तेथे १९८६ ला खत व रसायन आले. राज्यकर्ते बदलले, स्वराज्य आले, पण मालासाठी रूळ आधी व माणसासाठी मागाहून, हा क्रम पुष्कळसा तसाच राहिला.

कारखान्यासाठी का होईना, रूळ आले ना, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. त्यास थळचेच उदाहरण पुरे. पेणहून थळच्या खतकारखान्यापर्यंत लोहमार्ग घातला गेला. खताच्या मालगाड्यांसाठी रुळांनी अलिबागची वेस गाठली. पेण ते अलिबाग हे अंतर सुमारे तीस किलोमीटरचे. जिल्ह्याची मुख्य कचेरी, न्यायालय, सरकारी इस्पितळ अलिबागेत. या रुळांवरून उतारूंची गाडी सोडा, अशी मागणी वर्षानुवर्षे चालली. कागदपत्रे हलली, करारमदार झाले, पण दशकांमागून दशके त्या रुळांवर गोणी बसली आणि माणूस रस्त्यावर गाडीची वाट पाहत उभा राहिला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

हा दोष आपल्याच देशाचा आहे असे मानू नये. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. तेथील खाजगी रेल्वे कंपन्यांना उतारू नकोसे झाले होते, कारण नफा मालात होता. तेव्हा १९७० मध्ये कायदा झाला आणि उतारूंच्या गाड्या ‘अ‍ॅमट्रॅक’ नावाच्या एका नव्या मंडळाकडे सोपविण्यात आल्या. कोणत्या शहरांमध्ये गाडी राहील, याचा एक आराखडा सरकारी खात्याने ठरविला. १ मे १९७१ रोजी तो अमलात आला आणि देशातील निम्म्याहून अधिक उतारू गाड्या एका रात्रीत बंद झाल्या. साउथ डकोटा नावाच्या अख्ख्या राज्याच्या वाट्याला त्या आराखड्यात एकही गाडी आली नाही. जगातील कामगार ज्या दिवशी आपला सण साजरा करतात, त्याच दिवशी हे घडावे हा योगायोग खरा. पण त्यातला धडा योगायोगाचा नाही. रेघ ओढणारा आणि त्या रेघेवर जगणारा हे दोघे वेगळे असले, की रेघ कोठेही तुटते.

कोकण रेल्वेच्या बाबतीत सुदैवाने रेघ जुळली. डिसेंबर १९८९ मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री झाले, आणि जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ज्याने १९७४ चा संप चालविला, तोच आता रेल्वे बांधावयास निघाला होता. भांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा व केरळचे सहा-सहा टक्के, आणि उरलेला मोठा पैसा रोख्यांतून उभा केला. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग नव्वदाहून अधिक बोगदे खोदून बांधला गेला. रोहा ते वीर हा तुकडा १९९३ मध्ये सुरू झाला, सर्व मार्ग १९९८ मध्ये.

जमिनीची निवड मात्र येथेही सुखाची झाली नाही. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांच्या जमिनी या मार्गाला लागल्या. गोव्यात मार्ग किनाऱ्याजवळून न्यावा की आतून, यावर मोठे आंदोलन उठले. काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांच्याकडून १९९३ मध्ये चौकशी करावी लागली. गोव्याच्या लोकांनी विचारले म्हणून चौकशी झाली. आमच्या पेण तालुक्यातही लोकांनी विचारावयास शिकल्यावर काय होते ते २००८ मध्ये दिसले. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत सरकारला २१ सप्टेंबर रोजी रीतसर घ्यावे लागले. चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेते न कसता संप चालविला, त्या मातीला हे शोभलेच.

पण शेतासाठी लढणारे आम्ही वेळापत्रकासाठी कधी लढलो? येथे तिसऱ्या निवडीकडे येतो. पनवेल सोडले की सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी आणि रोहा, अशी स्थानके लागतात. या रुळांवरून आता देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाणाऱ्या गाड्या धावतात. त्यांतील पुष्कळशा पेणवरून शिट्टी वाजवीत निघून जातात. ज्यांच्या शेताची माती भरावाखाली गेली, त्यांनी फाटकाशी उभे राहून डबे मोजावयाचे! स्थानिक उतारूसाठी दिवा-रोहा गाड्या आहेत, पण मोजक्या, आणि एक चुकली की दुसरीसाठी ताटकळणे नशिबी आहे. आम्ही कामगारांच्या सभा घेत हिंडतो तेव्हा पगारवाढीच्या खालोखाल गाऱ्हाणे ऐकतो ते हेच. रात्रपाळी सुटते एका वेळी, गाडी जाते दुसऱ्या वेळी. मधले दोन तास मालकाच्या हिशोबात नाहीत, रेल्वेच्या हिशोबात नाहीत. ते कामगाराच्या झोपेतून वजा होतात.

प्रत्येक ठिकाणी गाडी थांबली तर ती जलद गाडी कसली, असा आक्षेप येतो. तो अगदीच टाकाऊ नाही. एकेरी रूळ असताना एका गाडीला बाजूस काढून दुसरीला वाट द्यावी लागे, हेही खरे. पण पनवेल-रोहा मार्ग आता दुहेरी झाला आहे, रोहा ते वीर २०२१ मध्ये दुहेरी झाला, आणि सबंध कोकण रेल्वेवर २०२२ पासून विजेची गाडी धावू शकते. रूळ वाढले, वेग वाढला. त्या वाढीतला वाटा कोणाला, एवढाच प्रश्न उरतो. सर्व गाड्या सर्वत्र थांबवा असे आम्ही म्हणत नाही. वाढलेल्या सोयीचा ठराविक भाग ज्या गावांनी जमीन दिली त्यांच्या हक्काचा असावा, असे म्हणतो.

हक्क मागावयाचा तर तोंडी गाऱ्हाणे पुरत नाही. संघटना आधी सभासदांची नोंद करते, मग मागणीपत्र लिहिते. येथेही तेच करावे लागेल. पेण, नागोठणे, रोहा येथून कोण, कोठे, किती वाजता जातो याची यादी गावागावांनी स्वतः करावी. कारखान्यांच्या पाळ्या, कॉलेजांची वेळ, मुंबईच्या इस्पितळांत जाणारे रोगी, गणपतीच्या आधी मूर्ती घडविणाऱ्या पेणच्या कारखान्यांची धांदल, भाजी विकावयास निघणाऱ्या बायकांची पहाट, हे सारे त्या यादीत यावे. त्या यादीशेजारी वेळापत्रक ठेवले, की कोणती गाडी कमी आहे हे सांगावयास तज्ज्ञ लागणार नाही. आणि ती यादी घेऊन शेतकरी, कामगार, विद्यार्थी एकत्र गेले, तर नाही म्हणणाऱ्यालाही कारण लिहून द्यावे लागेल.

मार्गाची पहिली निवड विलायतेत झाली, दुसरी दिल्लीत व मुंबईत. तिसरी दरवर्षी नव्याने होते, कारण वेळापत्रक दरवर्षी नव्याने छापले जाते. तेवढी तरी आपल्या हातात यावी, म्हणून ही यादी याच उन्हाळ्यात सुरू करा.