पत्ता पुरवणारी कंपनी

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्ती आहे. ती मालमत्ता घेते, कर्ज काढते, दावे लावते. पण तिच्यावर कोणी दावा लावला, तर समन्स कोणाच्या हाती द्यायचे? अमेरिकेतल्या राज्यांनी यावर तोडगा काढला. जिथे नोंदणी, तिथे कंपनीचा एक पत्ता हवा आणि तिच्या वतीने कागद स्वीकारणारा प्रतिनिधीही हवा. तरतूद होती दावा लावणाऱ्याच्या सोयीची. तिच्यातूनच एक व्यवसाय उभा राहिला.

त्याचे पहिले केंद्र न्यू जर्सी. एका कंपनीने दुसरीचे समभाग बाळगावेत, ही मुभा या राज्याने 1880च्या दशकाच्या अखेरीस दिली आणि मोठमोठ्या मक्तेदाऱ्या तिकडे वळल्या. जेम्स डिल या वकिलाने तिथे 1892 मध्ये कॉर्पोरेशन ट्रस्ट कंपनी काढली. नोंदणी करून देणे, पत्ता पुरवणे, वार्षिक कागदपत्रे सांभाळणे हे तिचे काम. नोंदणी शुल्कावर राज्याची तिजोरी भरू लागली. शेजारच्या डेलावेअरने हे पाहिले नसते तरच नवल!

1900च्या जनगणनेत डेलावेअरची लोकसंख्या दोन लाखांच्याही आत होती. उत्पन्नाची साधने तुटपुंजी. 1897च्या नव्या राज्यघटनेने वाट मोकळी केली आणि मार्च 1899 मध्ये न्यू जर्सीच्या धर्तीवर कंपनी कायदा मंजूर झाला. त्याच वर्षी विल्मिंग्टन शहरात ओथो नोलंड आणि ख्रिस्तोफर वॉर्ड यांनी कॉर्पोरेशन सर्व्हिस कंपनी स्थापन केली. नोलंड बँकिंग व्यवसायातले, वॉर्ड वकील. 1920 मध्ये जोसाया मार्व्हेल या वकिलाची अशीच संस्था तिच्यात विलीन झाली. वॉर्ड यांची दुसरी ओळख साहित्याच्या वाचकाला रुचेल अशी आहे. ते विडंबनकार होते आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा इतिहास त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये प्रसिद्ध झाला.

डेलावेअरचे भाग्य उजळले ते शेजाऱ्याच्या नीतिमत्तेमुळे. न्यू जर्सीचे गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी 1913 मध्ये मक्तेदारीला वेसण घालणारे सात कायदे करवून घेतले. कंपन्यांनी बिऱ्हाड हलवले. न्यू जर्सीने पुढे ते कायदे मागे घेतले, पण गेलेले गिऱ्हाईक परतले नाही. डेलावेअरमध्ये तोवर कायदा, जाणते वकील, 1792 पासूनचे चॅन्सरी न्यायालय आणि पत्ता पुरवणाऱ्या कंपन्या अशी सगळी घडी बसली होती. आज या राज्यात माणसे सुमारे दहा लाख आणि नोंदलेल्या कंपन्या वीस लाखांहून अधिक आहेत. विल्मिंग्टनच्या नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवरची 1209 क्रमांकाची इमारत एकमजली आहे. जुन्या प्रतिस्पर्धी कॉर्पोरेशन ट्रस्टचा हा पत्ता 2012च्या सुमारास दोन लाख पंच्याऐंशी हजार कंपन्यांचा अधिकृत पत्ता होता.

यात बेकायदा काही नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. नोंदणीच्या अर्जात मालकाचे नाव विचारलेच जात नाही. प्रतिनिधीकडे संपर्कासाठी एखाद्या माणसाचे नाव असते, पण तो मालकच असेल असे नाही. फसवल्या गेलेल्या माणसाला समन्स पोचवायला दार सापडते; दारामागे कोण आहे, ते कळत नाही. कंपनी सापडावी म्हणून केलेल्या सोयीच्या आडोशाला मालक लपू शकतो. आपल्याकडच्या 2013च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीचे नाव आणि पत्ता कार्यालयाबाहेर स्थानिक लिपीतही लावावा लागतो. मुंबईच्या फोर्ट भागातल्या जिन्यांमध्ये अशा पाट्यांची दाटी दिसते. त्याही मालकाचे नाव सांगत नाहीत. मात्र आपल्याकडे संचालकांची नावे सरकारी नोंदीत शुल्क भरून कोणालाही पाहता येतात.

अमेरिकी काँग्रेसने जानेवारी 2021 मध्ये खऱ्या मालकांची माहिती सरकारला देण्याची सक्ती करणारा कायदा केला. 2024च्या आरंभी तो लागू झाला आणि मार्च 2025 मध्ये अर्थखात्याने देशांतर्गत कंपन्यांना त्यातून वगळले. दरम्यान कॉर्पोरेशन सर्व्हिस कंपनीने 2022 मध्ये नेदरलँड्सची इंटरट्रस्ट विकत घेऊन आपला पसारा अनेक देशांत नेला.

सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात खलनायक शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. कागद वेळेवर पोचवणारी, तारखा न चुकवणारी ही माणसे. त्यांनी कायद्याने मागितले तेवढे चोख दिले. मालकाचे नाव कायद्याने मागितलेच नव्हते. ते मागायचे की नाही, हे ठरवणारे राज्य मात्र त्याच नोंदणीच्या उत्पन्नावर पोसले जात होते. प्रश्न विचारणाऱ्याचीच भाकरी उत्तर न मिळण्यावर अवलंबून असेल, तर तो प्रश्न विचारणार कोण?