घामातलं मीठ

१९४८ चा मे. तुम्ही विदर्भातल्या अड्याळात आहात, पवनीच्या वाटेवरच्या एका घराच्या पडवीत. धानाच्या बांध्या भेगाळल्यात, बाया तेंदूपत्ता तोडून परतल्यात. खाटेवर दोन वर्षांचं लेकरू निपचित पडलंय, कपाळावर वाळल्या घामाचे पांढरे डाग. "पोराले ऊन लागलं," आजी म्हणते आणि मीठ घातलेलं कैरीचं पन्हं चमच्याने पाजते. खोकला तर जन्मापासूनचा. गाव त्याला क्षय म्हणून मोकळं होतं. अशा लेकरांची नोंद तुम्हाला कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

तीनच महिने पुढे या, न्यूयॉर्कला. उष्णतेची लाट आलीय. बेबीज हॉस्पिटलात उन्हाने कोसळलेली मुलं येताहेत आणि त्यांत सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराची मुलं नजरेत भरण्याइतकी जास्त. हा आजार डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्येच वेगळा ओळखला होता. तिथलेच डॉ. पॉल दि सँट'अॅग्नेसे यांना प्रश्न पडतो: या मुलांच्या अंगातलं मीठ जातं कुठे? १९५३ मध्ये उत्तर छापून येतं: घामावाटे. आमच्या विदर्भात ऊन काय कमी होतं? कमी होती ती प्रयोगशाळा.

१९८९ मध्ये या आजारामागचं, सातव्या गुणसूत्रावरचं सदोष जनुक सापडतं. पेशीतून क्लोराइडची ये-जा होण्याची वाटच त्यामुळे बिघडते. फुफ्फुसातला कफ घट्ट होतो, जंतू तिथेच ठाण मांडतात.

आता सॅन दिएगो, नव्या शतकाची पहिली वर्षं. प्रत्यारोपणावेळी काढलेल्या रोगट फुफ्फुसांतल्या पेशी इथे बशीत वाढवल्यात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पेशींवरचे बारीक केस चिकट थराखाली दबलेत. शेजारच्या, औषध दिलेल्या बशीत थर पातळ झालाय आणि केस सपासप हलताहेत. याच कामातून २०१२ मध्ये आयव्हाकॅफ्टर आलं, २०१९ मध्ये तीन औषधांची ट्रायकाफ्टा. तिची अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर! शिवाय ज्या जनुकदोषासाठी ती मुख्यतः घडवली, तो युरोपच्या मानाने भारतीय रुग्णांत कमी आढळतो.

म्हणून आजच्या अड्याळात उतरताना एवढं करा. सारखा न्यूमोनिया होणारं, अंग न धरणारं, मुका घेतला की खारट लागणारं लेकरू दिसलं, तर क्षयाच्या तपासणीसोबत घामातल्या क्लोराइडचीही तपासणी मागा. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त निघालं, तर जनुक तपासून घ्या; कोणतं औषध लागू पडेल, हे त्यावरच ठरतं.