पडून राहिलेल्या गिटारीचं घराणं

1958 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कलामझू गावच्या गिब्सन कारखान्यातून एका नव्या मॉडेलच्या 81 गिटारी बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी 17. त्यानंतर कंपनीने ते मॉडेल गुंडाळून ठेवलं. किंमत होती 247 डॉलर 50 सेंट, पण गिऱ्हाईक फिरकेना. काही दुकानदारांनी तर ती गिटार नुसती लक्ष वेधायला पाटीसारखी टांगून ठेवली, असं सांगतात. आज त्या 98 पैकी एखादी अस्सल आणि धड गिटार विकायला निघाली, तर तिचा भाव लाखो डॉलरमध्ये बोलला जातो. तिचं नाव फ्लाइंग व्ही. हेवी मेटलवाल्यांच्या गळ्यात दिसणाऱ्या टोकदार गिटारींचं कूळ शोधत गेलं की आपण हिच्यापाशीच येऊन थांबतो.

ती जन्माला आली ती ईर्ष्येतून. प्रतिस्पर्धी लिओ फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार 1954 मध्ये बाजारात आली आणि तिच्यापुढे गिब्सनचा माल जुनाट दिसू लागला. कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांना ते लागलं. 1957 च्या जूनमध्ये गिब्सनने तीन अनोख्या आकारांच्या पेटंटसाठी अर्ज केले: फ्लाइंग व्ही, एक्स्प्लोरर आणि मॉडर्न. तो मोटारींना विमानासारखे पंख लावण्याचा जमाना होता. तरीही गिटार घेणाऱ्यांना हे आकार मानवले नाहीत. एक्स्प्लोररची गत व्हीपेक्षाही वाईट झाली. मॉडर्न तर त्या काळी खरोखर बनली का, इथपासून वाद आहे. पन्नासच्या दशकातला एकही नमुना आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. तेव्हा कुणी ‘जुनी मॉडर्न’ दाखवली, तर ती लांबूनच पाहावी.

पहिल्या व्हीची घडण मात्र नीट पाहण्यासारखी आहे. लाकूड आफ्रिकेतलं लिंबा, ज्याला गिब्सन ‘कोरिना’ म्हणे. हलक्या पिवळसर रंगाचं. तारा बॉडीच्या आरपार मागून पुढे येतात आणि जिथे बाहेर पडतात तिथे व्हीच्याच आकाराची धातूची पट्टी आहे. तीन नॉब एका ओळीत. तारांचं कंपन विजेत बदलणारे पिकअप हंबकर जातीचे. हे सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये असताना तयार केले होते. दोन कॉइल उलटसुलट जोडल्यामुळे विजेची गुणगुण आपसात कटते. आणि खालच्या पंखाच्या कडेला रबराची पट्टी, कारण बसून वाजवताना ही गिटार मांडीवरून सरळ घसरते. ती पट्टी पाहिली की कळतं, करणाऱ्यांनाही अडचण ठाऊक होती आणि तरी त्यांनी आकार सोडला नाही. मला त्या हट्टाचं फार कौतुक वाटतं.

या आकाराचा एक खरा फायदा मात्र उभं राहून वाजवणाऱ्यालाच कळतो. नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दोन्ही बाजू मोकळ्या आहेत, त्यामुळे अगदी वरच्या फ्रेटपर्यंत हात बिनअडथळा जातो. वेगवान सोलो वाजवणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

सुरुवातीला तिला हात दिला तो ब्लूजवाल्यांनी. डावखुऱ्या अल्बर्ट किंगने मूळ कोरिनाची व्ही उलटी धरून वाजवली आणि तिचं नाव ठेवलं लूसी. पुढे 1967 मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या हातात व्ही दिसली. त्याच सुमारास गिब्सननेही ती पुन्हा काढली, पण आता महोगनीची. आरपार तारा गेल्या, तीन नॉब त्रिकोणात आले. हीही 1970 पर्यंत दोनशेच्या आतच बनली. 1971 मध्ये 350 गिटारींची एक क्रमांकित आवृत्ती निघाली आणि सत्तरीच्या मध्यापासून नियमित उत्पादन सुरू झालं.

इथून पुढे ती मेटलवाल्यांची झाली. जर्मनीत रूडॉल्फ आणि मायकल शेंकर या गिटारवादक भावांनी तिला घरचीच करून टाकलं. मायकलची अर्धी काळी, अर्धी पांढरी व्ही आजही लोक लांबून ओळखतात. इंग्लंडमध्ये जुडास प्रीस्ट या बँडच्या के. के. डाउनिंगने साठच्या दशकातली व्ही गळ्यात घातली. या मंडळींना मोठ्या आवाजाच्या, भरपूर डिस्टॉर्शनच्या संगीतासाठी हंबकर हवाच होता आणि रंगमंचावर शस्त्रासारखी दिसणारी गिटारही हवी होती. व्हीमध्ये दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं.

घराण्याची पुढची शाखा फुटली ती 1980 च्या डिसेंबरात. ऑझी ऑस्बर्नच्या बँडमधला रँडी ऱ्होड्स कॅलिफोर्नियात ग्रोव्हर जॅक्सनकडे गेला. जॅक्सनच्या ताब्यात तेव्हा शार्वेल ही गिटार कंपनी होती. ऱ्होड्सला व्हीच हवी होती, पण दोन पंख असमान असलेली. तयार झालेल्या पांढऱ्या गिटारीला नाव पडलं काँकॉर्ड, त्या विमानावरून. शार्वेलच्या नावावर असला विचित्र आकार नको, म्हणून ग्रोव्हरने हेडस्टॉकवर, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकावर, स्वतःचं आडनाव घातलं, आणि जॅक्सन हा ब्रँड असा सुरू झाला. तरीही लोक तिला फ्लाइंग व्हीच समजत. मग ऱ्होड्सने आणखी अणकुचीदार, खालचा पंख बराच आखूड असलेली काळी गिटार करून घेतली. 19 मार्च 1982 ला विमान अपघातात तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं 25. मेटल गिटार म्हटल्यावर आज जो आकार डोळ्यांपुढे येतो, तो या तरुणाने मागून घेतलेला आहे.

दरम्यान 1977 पासून डीन कंपनी स्वतःच्या व्ही बनवू लागली होती. बी. सी. रिच या दुसऱ्या कंपनीने त्याहून तिरपागडे आकार काढले. जपानी कारखान्यांत नकला होत होत्या, आणि त्यांतल्याच एका इलेक्ट्रा बनावटीच्या पांढऱ्या व्हीवर जेम्स हेटफील्डने त्याच्या मेटालिका बँडचा ‘किल एम ऑल’ हा 1983 चा अल्बम वाजवला. मला या सगळ्या कुळकथेतला हा तुकडा सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या ध्वनीवर पुढे एक अख्खी पिढी पोसली, तो नकलेतून निघाला होता. कुळाचा पसारा इतका वाढला की 2019 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने व्हीच्या आकारावरचा गिब्सनचा ट्रेडमार्क मानला नाही. हा आकार पाहून ग्राहकाला एकच एक कंपनी आठवेल, हे कोर्टाला पटलं नाही. अमेरिकेत मात्र गिब्सन आणि डीनच्या मालकांची कोर्टबाजी वर्षानुवर्षं चालली.

आता भावाचं. जुनी व्ही महाग आहे ती मुळात तेव्हा खपली नाही म्हणून. पण नुसती दुर्मीळ आहे म्हणून कुणी लाख डॉलर मोजत नाही. अल्बर्ट किंगपासून मेटालिकाच्या कर्क हॅमेटपर्यंतच्या हातांनी तिची पत वाढवली. म्हणून दर ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: नावाची किंमत आणि लाकूड-लोखंडाची किंमत. कोरिनाच्या गिटारींत घोटाळे भरपूर. 1962-63 च्या सुमारास उरलेल्या बॉडी वापरून काही गिटारी जोडल्या गेल्या, 1981 पासून गिब्सनने स्वतः कोरिनाच्या नव्या आवृत्त्या काढल्या, आणि शिवाय खासगी नकला आहेतच. जाणकार आधी गिटार उघडून आतल्या पॉटवरचा, म्हणजे नॉबखालच्या भागावरचा, आकडा वाचतो. त्यात बनवणाऱ्याचा क्रमांक, वर्ष आणि आठवडा असतो. बॉडी 1958 ची आणि पॉट 1965 चा निघाला, की भाव तिथेच उतरतो.

सत्तरीच्या शेवटच्या गिब्सन तुलनेने सोप्या. 1977 पासून हेडस्टॉकच्या मागे आठ आकडी क्रमांक असतो. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन वर्षातला दिवस, शेवटचे तीन त्या दिवसातला क्रम. 500 च्या आत असेल तर कलामझूची, नाहीतर गिब्सनच्या नॅशव्हिलमधल्या कारखान्याची. म्हणजे 72159042 ही 1979 सालच्या 215 व्या दिवशी, 3 ऑगस्टला, कलामझूत 42 वी उतरलेली गिटार. विकणारा ‘सत्त्याहत्तरची आहे’ म्हणाला, तर गिटार उलटी करून हा आकडा वाचायचा. घासाघीस करताना ते फार कामाला येतं.

आणि मान, म्हणजे नेक. गिब्सनचा हेडस्टॉक मागे कलता असतो आणि नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या ट्रस रॉडच्या नटासाठी तिथेच लाकूड कोरलेलं असतं, त्यामुळे गिटार पडली की ती तिथेच मोडते. व्हीला तर नीट टेकून ठेवायलाही जागा नाही. जुन्या गिटारींच्या बाजारात एकदा मोडून जोडलेल्या मानेची किंमत साधारण निम्मी धरतात, जोड कितीही सफाईदार असला तरी. अल्ट्राव्हायोलेट दिवा घेऊन अंधारात पाहिलं की जुनं लॅकर एका रंगाचं चमकतं आणि नंतर मारलेलं वेगळं दिसतं. ज्याला वाजवायचीच आहे, त्याने मात्र अशी जोडलेली गिटार टाकून देऊ नये; नीट जोडलेली मान चांगली टिकते, आणि निम्म्या पैशात खरी जुनी गिटार हाती येते.

आपल्याकडे दुकानांत दिसणाऱ्या व्ही बहुतेक इंडोनेशिया, चीन किंवा कोरियात बनलेल्या असतात. त्यांत कमीपणा काहीच नाही. घेण्याआधी पट्टा लावून उभं राहून वाजवा आणि हेडस्टॉक जमिनीकडे झुकतो का पाहा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून मधल्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते बघा. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत नेक हलते, तेव्हा ट्रस रॉड फिरतो की अडकलाय याचीही खात्री करून घ्या. तो अडकलेला असेल, तर हेडस्टॉकवर कुठलंही नाव असो, पैसे देऊ नका.