रोबोटच्या पोटातली रिकामी खुर्ची

आजचा विषय आहे ट्रान्सफॉर्मर. थांबा, डीपी नाही! आमच्या तिरोड्यात ट्रान्सफॉर्मर म्हटलं की पहिला प्रश्न येतो, लाइट कधी येणार. मी बोलतोय गाडीचा रोबोट होतो त्या खेळण्याबद्दल. माझ्याकडे अशी 41 आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर कंपनीचं नावच नाही. काही मंडईत घेतलेली, काही नातेवाइकांच्या माळ्यावरून आणलेली, बाकीची भंगारवाल्याच्या पोत्यातून काढलेली. बाहेरच्यांसाठी सांगतो, मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी जत्रा भरते, दंडार होते, रात्री नाटक असतं, तिला आम्ही मंडई म्हणतो. पोरांची खेळणी तिथंच मिळायची.

यातल्या एका लाल गाडीचं दार उघडतं. आत बोटाच्या पेराएवढी खुर्ची आहे, पण बसायला कोणीच नाही. मग खुर्ची केली कशाला?

उत्तर जपानात आहे. टाकारा कंपनीने 1980 मध्ये ‘डायाक्लोन’ नावाची मालिका काढली. त्यातले रोबोट जिवंत नव्हते, ती यंत्रं होती आणि चालवायला जेमतेम इंचभर उंचीची माणसं सोबत मिळायची, पायात लोहचुंबक असलेली. खुर्ची त्यांच्यासाठी. टाकाराचीच दुसरी मालिका ‘मायक्रो चेंज’, 1983 ची. त्यात कॅसेट प्लेअर, पिस्तूल आणि छोट्या गाड्या रोबोट व्हायच्या. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने दोन्हींतली खेळणी उचलली, 1984 मध्ये नाव दिलं ट्रान्सफॉर्मर्स, आणि गोष्टच बदलली: आता रोबोट स्वतःच जिवंत! चालक गेला, खुर्ची राहिली. कारण पोलादी साचा बनवायला प्रचंड खर्च येतो. गोष्ट बदलली म्हणून कोणी साचा फेकत नाही. आपला बंबलबी घ्या. 2007 च्या सिनेमात तो कॅमेरो आहे, पण 1984 च्या खेळण्यात तो गोलमटोल फोक्सवॅगन बीटल होता.

साच्यांचे मालकही बदलतात. जेटफायर हे विमान मुळात 1982 च्या ‘मॅक्रॉस’ कार्टूनमधलं, खेळणं टाकाटोकू कंपनीचं. हॅस्ब्रोने ते 1985 मध्ये ट्रान्सफॉर्मर म्हणून विकलं. तोवर टाकाटोकू बुडाली होती आणि तिचे साचे बांडाईकडे गेले होते. बांडाई म्हणजे टाकाराची थेट स्पर्धक! शेवटी ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टूनमध्ये त्या विमानाचं रूप बदललं आणि नावही, स्कायफायर.

आता भारतात येऊ. 1987 मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल सुरू केली, कारखाना आपल्या शेजारी गोव्यात. हॅस्ब्रोच्या साच्यांतून इथं निघालेल्या जी.आय.जोच्या सैनिकांचे रंग इतके वेगळे असायचे की परदेशी संग्राहक आज ते मुद्दाम शोधतात. पण फनस्कूलचा डबा आमच्या मंडईत कुठून दिसणार! इथं यायचा बिननावाचा माल. 1 एप्रिल 2001 ला आयातीवरची शेवटची संख्याबंधनं उठली, 715 वस्तू मोकळ्या झाल्या, आणि पुढे चिनी खेळणी गावोगाव पोचली. मग 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी नियम योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण त्या वीस वर्षांत आमच्यासारख्या गावांत काय विकलं गेलं याची नोंद कोणी केली? ऑप्टिमस प्राइमचे कॅटलॉग ढीगभर आहेत. या मालाचं पुठ्ठ्याचं कार्ड त्याच संध्याकाळी चुलीत जायचं.

त्यामुळे खेळण्याचं अंगच वाचावं लागतं. पोटाखाली सपाट चौकोन दिसला तर तिथं आधी नाव होतं, साच्यातून पुसलंय. प्लॅस्टिक थंड होताना आक्रसतं, म्हणून तयार खेळण्यावरून साचा घेतला की नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते. माझ्या लाल गाडीत या दोन्ही खुणा आहेत. आणि कोरलेल्या सालाला भुलू नका. तो मूळ डिझाइनच्या हक्काचा असतो, खेळणं त्यानंतर वीस वर्षांनीही बनलेलं असू शकतं.

काही संग्राहक नकलेला हातही लावत नाहीत. त्यांचं त्यांच्यापाशी. डबाबंद जपानी रोबोटला सांभाळणारे पुष्कळ आहेत, आमच्या मंडईतला रोबोट मात्र किलोच्या भावाने जातो, दळला जातो आणि त्याच्या बादल्या होतात. गेल्या दिवाळीत एका पोत्यात मला नुसता एक निळा पाय सापडला. बाकीचा रोबोट आदल्या आठवड्यातच नागपूरच्या गाडीत गेला होता.

मी एक वही ठेवलीय. कोणत्या गावच्या मंडईत घेतलं, साधारण कोणत्या वर्षी, किती रुपयांना, कोणत्या पोराचं होतं. दिवाळीला घर आवराल तेव्हा माळ्यावर बघा. काही सापडलं तर पोटाखालचा फोटो आधी काढा, आणि आजीला विचारा कुठून आणलं होतं. धुवायची घाई करू नका, स्टिकर सुटतात.